माटोळीचा फोटो

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधायला घेतली की गोव्यात आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. सुपारीचा कात्रा, म्हणजे घड, डावीकडे लागतो की उजवीकडे. दादा म्हणतो डावीकडे, काका म्हणतात उजवीकडे, आणि काकी आत नेवऱ्या लाटता लाटता दोघांनाही वेड्यात काढते. आई होती तोवर तिचा शब्द शेवटचा. ती गेल्यावर आम्ही फोनवर मागच्या वर्षीचा फोटो काढून बघू लागलो. कात्रा, नारळाची पेंड, कांगणां, आंबाडे, तोरिंग, सगळं जिथल्या तिथे दिसायचं. वाद दोन मिनिटांत मिटायचा, आणि तो इतक्या लवकर मिटलेला खरं तर कोणालाच आवडायचा नाही.

काही वर्षांपूर्वीच्या चवथीला मी असाच शिडीखाली उभा राहून फोन उघडला, तर फोटोंच्या जागी तीन-चार ओळी. धोरणाचा भंग झाल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. निर्णय चुकीचा वाटत असल्यास अर्ज करा. मी तिथेच, एका हाताने शिडी धरून, अर्ज केला. रात्री साडेदहाला उत्तर आलं: अर्ज तपासला, निर्णय कायम. चवथीच्या आदल्या रात्री माझा अर्ज तपासत बसलेला तो माणूस कोण, याचं मला बरेच दिवस कुतूहल होतं. बहुधा माणूस नव्हताच. भंग कसला, कोणत्या फोटोमुळे, ते आजतागायत कळलेलं नाही.

खात्यात अकरा वर्षांचे फोटो होते. फोटोंचं फार वाटलं असं म्हणणार नाही. त्यातले निम्मे पावत्यांचे आणि हॉटेलातल्या ताटांचे. पण त्यात आईच्या आवाजातली सतरा गाणी होती. फुगडीची, आणि पौषात मांडावर धालो या बायकांच्या नाचाला म्हणतात ती. स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून केलेली ध्वनिमुद्रणं. एका गाण्याच्या मधोमध ती थांबते, 'गॅस बारीक कर रे' म्हणते, आणि पुढची ओळ जिथून सोडली तिथूनच उचलते. सूर जराही हललेला नसतो. त्या सतरांपैकी नऊ पुढे पुण्याच्या मामेबहिणीच्या जुन्या फोनमध्ये सापडली, कारण आईनेच तिला ती एकेक करून पाठवली होती. आठ गेली. कोणती आठ, तेही नीट आठवत नाही.

कात्रा त्या वर्षी उजवीकडे लागला.

रागाच्या भरात माणूस वाचायला लागतो. मी 'माझा डेटा' या शब्दांमागे लागलो. माझे फोटो, माझ्या आईचा आवाज, माझ्या फोनवर टिपलेला, आणि मलाच दाराबाहेर उभं केलं, हे कोणत्या न्यायात बसतं? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता, एवढं माहीत होतं. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि बहुतेक महत्त्वाच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. या कायद्याने आपल्याला काय दिलं? आपल्याबद्दलच्या माहितीचा गोषवारा मागता येतो, ती दुरुस्त करून घेता येते, पुसायला लावता येते, आपल्या पश्चात हे हक्क कोणी बजावायचे त्याचं नाव लावून ठेवता येतं. हे शेवटचं मला फार आवडलं. बँकेच्या खात्याला वारस लावतात तसं. पण आपला सगळा ऐवज उचलून दुसऱ्या दुकानात नेण्याचा हक्क त्यात नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात तो आहे, आपल्याकडच्या २०१९ च्या मसुद्यातही होता, अंतिम कायद्यातून गळला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. कायद्यात मालक हा शब्दच नाही. माहिती ज्याची, तो 'डेटा प्रिन्सिपल'. ती वापरणारी कंपनी, ती 'डेटा फिड्युशियरी', म्हणजे विश्वस्त. तेव्हा मला वाटलं ही वकिलांची चलाखी आहे. मालकी म्हटलं की परत द्यावं लागतं, विश्वस्त म्हटलं की नुसतं सांभाळल्यासारखं करता येतं. आज तसं वाटत नाही, पण ते पुढे.

वेबची मूळ कल्पना अशी नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत जो प्रस्ताव मांडला, त्यात मध्यभागी कोणी बसलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपल्या यंत्रावर आपली पानं ठेवायची आणि एकमेकांकडे बोट दाखवायचं, बस. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी फुकट खुलं केलं. ईमेलही तसाच. १९८२ मध्ये ठरलेल्या नियमांवर तो आजही चालतो, आणि या कंपनीचं पत्र त्या कंपनीच्या पेटीत निमूट जाऊन पडतं. पोस्टाने जायचं तसं. ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की एका गप्पांच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर साधं 'पोचलास का' पाठवता येत नाही, याचं नवल वाटेनासं झालंय.

मग आपली घरं सोडून सगळे कंपन्यांच्या चाळीत राहायला गेले. चाळ फुकट होती, नळाला पाणी होतं, शेजारी ओळखीचे होते. मीही गेलो. जिओसिटीज, आपली पानं ठेवायची जुनी फुकट जागा, २००९ मध्ये पाडली तेव्हा माझं तिथे काही नव्हतं, म्हणून हळहळलो नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा कॉलेजच्या मित्रांनी लिहिलेली चार चांगली वाक्यं गेली. तेव्हाही फार काही वाटलं नाही. माणसाला आपल्या खोलीचं छप्पर गळेपर्यंत चाळीच्या मालकाचं नाव ठाऊक नसतं.

आमचं गाव बोरी. खाली जुवारी. आमची कुलदेवता म्हाळसा, आम्ही म्हार्दोळच्या देवळाचे महाजन. आता डेटाच्या गोष्टीत म्हाळसा कुठून आली, असं वाटेल. पण या पाण्याकडे बघत बघत मी जेव्हा 'स्थलांतर' हा शब्द वाचत होतो, तेव्हा मला दुसरं काही सुचेना. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा देव नदी ओलांडून अंत्रुजात आले, कारण फोंड्याचा हा भाग तेव्हा त्यांच्या राज्याबाहेर, आदिलशहाकडे होता. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे कुठ्ठाळीहून, १५६० मध्ये प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हाळसा वेर्ण्याहून आली, आणि येताना गावाचं नावही घेऊन आली. वेर्ण्याच्या त्या जागेला आजही जुनं म्हार्दोळ म्हणतात. तिथे आता पुन्हा देऊळ उभं आहे. पत्ता बदलला, नाव तेच राहिलं, आणि ज्यांना शोधायचं होतं त्यांनी नावावरून शोधलं. कुळावी, म्हणजे त्या देवांची घराणी, मागोमाग आले. देऊळ मात्र तिथेच राहिलं, म्हणजे जे काही उरलं होतं ते.

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलताना मला नेमकं हे आठवलं. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे जाळं म्हणजे हजारो लहान सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, पण सगळे एकमेकांशी बोलतात; त्यांची ती समाईक भाषा, अ‍ॅक्टिव्हिटीपब, जानेवारी २०१८ मध्ये वेबच्या मानकांत दाखल झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून तिथे एक लाट गेली, त्या लाटेत मीही होतो. माझं खातं ज्या सर्व्हरवर होतं तो एक तरुण आपल्या पगारातून चालवत होता. तीन वर्षांत तो थकला. रीतसर तीन महिन्यांची सूचना दिली, माफी मागितली, आणि दार लावलं. मी दुसऱ्या सर्व्हरवर गेलो. बटण दाबलं आणि माझे सगळे अनुयायी आपोआप मागोमाग आले. लिहिलेलं मात्र आलं नाही, ते जुन्या जागीच राहिलं आणि सर्व्हरबरोबर विझलं. कुळावी आले, देऊळ राहिलं.

ब्लूस्काय हे दुसरं समाजमाध्यम ज्या तंत्रावर उभं आहे त्यात हे सुधारायचा प्रयत्न आहे. तुमची ओळख एकीकडे, तुमचा मजकूर दुसरीकडे, आणि मजकूर ठेवणारा बदलला तरी ओळख अबाधित. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर बसलेत. टिम बर्नर्स-ली यांचा सॉलिड हाही प्रकल्प असाच. तुमची सगळी माहिती तुमच्या एका पेटीत, तिला ते पॉड म्हणतात, आणि दुकानांनी, दवाखान्यांनी, अ‍ॅपनी तुमच्या दारात येऊन लागेल तेवढंच मागायचं. कल्पना मनापासून पटते. प्रश्न एवढाच उरतो की ती पेटी ठेवायची कुठे, आणि पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री कोण घालणार.

ताडपत्रीचं उगाच नाही आलं. खातं बंद झाल्यावर मी घरी रास्पबेरी पाय आणला. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्याला दोन टेराबाइटची डिस्क जोडली, घरच्या घरी फोटो-फायली साठवायचं नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर चढवलं, आणि देवघराच्या मागच्या कोनाड्यात ठेवून दिला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकताना बघून मला जे समाधान मिळालं ते गाडी घेतली तेव्हाही मिळालं नव्हतं. आता सगळं माझं, माझ्या छपराखाली.

पहिली अडचण, बाहेरून तो दिसेना. पणजीच्या ऑफिसात बसून घरचा फोटो उघडायला गेलो तर काहीच नाही. दोन रात्री जागल्यावर उलगडा झाला की इंटरनेटवर माझ्या घराला पत्ताच नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, आणि मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपलेला. म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं ठेवतात. आपण बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा कोणी आपल्या दारी येऊ शकत नाही. आमच्या गावात घरनंबर नसला तरी पोदेर बरोबर पाव टाकून जातो, पोस्टमनला वाड्याचं नाव पुरतं. इथे अख्खा वाडा एका नावाखाली, आणि पोस्टमनला आत यायची बंदी. ज्या जाळ्यात प्रत्येक यंत्र दुसऱ्याच्या बरोबरीचं असणार होतं, त्यात आपण सगळे नुसते गिऱ्हाईक कधी झालो ते कोणी सांगितलंच नाही.

त्यावरही तोडगा काढला. आणि जूनमध्ये पाऊस आला. गोव्यातला पहिला पाऊस ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. लाईट गेली, आली, गेली, आली, मग कडाडली आणि गेलीच. तिसऱ्या दिवशी रास्पबेरी पाय सुरू होईना. मेमरी कार्ड लिहिता लिहिता वीज जाऊन बिघडलं होतं. डिस्क वाचली, ती कशीबशी, पण महिनाभर मी ती उघडलीच नाही. ऑफिस, मुलांच्या शाळा, गळणारं कौल. कंपनीने मला दाराबाहेर काढलं होतं. आता मी मालक होतो आणि माझं मलाच दार उघडायला वेळ नव्हता.

त्या दिवसांत एका रविवारी काकांबरोबर बांधावर गेलो होतो. आमच्या खालच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून नदीच्या कडेने बांध आहे. खाजनाची शेती. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे, भरतीच्या पातळीखालची, नदीकडून उसनी घेतलेली. चिखल, पेंढा, चिरे यांचा बांध, आणि त्यात मधे मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने ते मिटतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. कोणी उभं राहून राखावं लागत नाही. बाहेरचं किती आत घ्यायचं आणि आतलं किती बाहेर सोडायचं, याचा इतका देखणा बंदोबस्त मी दुसरा पाहिलेला नाही. परवानग्यांच्या पंधरा पानी करारनाम्यावर 'मान्य आहे' दाबणाऱ्या माणसाने एकदा मानस बघून यावी.

काका मात्र मानशीकडे बघत नव्हते. ते वाकून बांधाच्या अंगाला बोटाएवढं भोक बघत होते. कुर्लीचं बीळ. कुर्ल्या बांध पोखरतात, त्या भोकातून आधी पाणी झिरपतं, मग एका मोठ्या भरतीला वाट होते, आणि एकदा खारं पाणी आत बसलं की काही हंगाम भात नाही. काकांनी टाचेने भोकात चिखल दाबला, वर दगड ठेवला. शंभर पावलं चालले, पुन्हा वाकले. ते पुढे, मी मागे, तास गेला. मी विचारलं, हे रोज कोण करतं? म्हणाले, 'आतां कोण करता? आदीं गांवकरी आशिल्ली.'

गांवकरी म्हणजेच कोमुनिदाद. जमीन गावाची, कोणा एकाची नव्हे. पोर्तुगीजांनी आल्यावर १५२६ मध्ये या रूढी लिहून काढल्या, पण त्या त्याच्या कितीतरी आधीच्या. गांवकरांनी शेतं पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला द्यायची, मानशीतल्या मासळीची पावणी करायची, त्या पैशांतून बांध, पाट, देवाचं भागवायचं, आणि उरेल ते झोण म्हणून गांवकरांत वाटायचं. बांध फुटला की फायदा कोणाचाच नाही, म्हणून बांधावर सगळ्यांचा डोळा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे आणि सरकारकडे सरकली, आणि त्या सरकण्यात बऱ्याच ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. काही बांध आपोआप फुटले, काही मासळीसाठी फोडले गेले.

गांवकरीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. झोण पुरुषांनाच. बायका नाहीत, बाहेरून येऊन चार पिढ्या राहिलेले नाहीत, बांधावर चिखल टाकणारे हात तर नाहीतच. माझी आई त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. लहान गट सांभाळतो तेव्हा तो कोणाला तरी वगळूनच सांभाळतो, हे मॅस्टोडॉनच्या सर्व्हरांतही बघितलंय. दोन चालकांचं भांडण झालं की एका गावाचा दुसऱ्या गावाशी पाणवठा बंद. तरीही बांधावरून परत येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. विकेंद्रित वेबबद्दल जे जे वाचलं होतं त्यात माणूस एकटा होता. तुमचा डेटा, तुमची किल्ली, तुमचा सर्व्हर. एकट्या माणसाने बांध घातलेला मी गोव्यात बघितलेला नाही.

मग चार घरांची जमवाजमव केली. बोरीचं आमचं, फोंड्याला दादाचा फ्लॅट, पुण्याला मामेबहीण, आणि मडगावला चुलतभावाचं घर. प्रत्येकाकडे एक जुना संगणक धूळ खात होता. त्यांवर सिंकथिंग नावाचं मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. त्यात मधे कोणाचा सर्व्हर नाही, निदान तुमचा ऐवज ठेवणारा नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक खूण मिळते, ती समोरच्याला कळवायची, आणि दोन्हीकडून होकार आला तरच जोडणी. सोयरिकीसारखं. थेट वाट मिळाली नाही तर मधे स्वयंसेवकांनी चालवलेले थांबे असतात, त्यांवरून सगळं मोहोरबंद जातं. वाहणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. एका घरात फोटो टाकला की बाकी तिन्ही घरांत पोचतो. एकाची लाईट गेली तर दुसऱ्याकडे आहेच. आईची नऊ गाणी आता चार ठिकाणी आहेत. घराघरांत आरत्यांच्या हाताने उतरवलेल्या वह्या असतात, एक वाळवीने खाल्ली तर शेजारून आणून पुन्हा उतरवायची, त्यातलाच प्रकार. खर्च म्हणाल तर डिस्कांचा तेवढा.

आणि मी जरा जास्तच शहाणपणा केला. कोणाच्या हातून चुकून काही पुसलं गेलं तर ते चारही घरांतून पुसलं जाऊ नये, म्हणून जुन्या प्रती राखून ठेवण्याची सोय सगळीकडे चालू केली. कधीही न पुसण्याच्या बोलीवर. आठ गाणी गमावलेल्या माणसाचा शहाणपणा.

यंदाच्या चवथीला पुतण्याने सगळे फोटो टीव्हीवर लावले. आरती झाली होती, आरतीला वाजवलेले घुमट भिंतीला टेकवून ठेवले होते, जेवणं व्हायची होती. वर्षं उलटी सरकत गेली. दोन वर्षांपूर्वीची माटोळी आली. फोटो मीच काढलेला, कात्र्याचा वाद मिटवायला म्हणून अगदी समोरून, नीट. मागे स्वयंपाकघराच्या दारात काकी उभी आहे. तिचे उपचार चालू होते ते वर्ष. डोक्यावरचा रुमाल उतरवून ती वारा घेत होती, फोटो निघतोय हे तिला ठाऊक नव्हतं. टीव्ही केवढा मोठा. पंचवीस माणसं बसलेली. कोणी काही बोललं नाही, पुतण्याने चटकन पुढचा फोटो आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आदोळीवर नारळ खवत होती. मी पाणी प्यायला आत गेलो. मान वर न करता म्हणाली, 'अरे, तो म्हजो फोटो थंयसून काड रे.'

मी म्हटलं, आत्ता काढतो.

त्या फोटोवर मालकी कोणाची? काढला मी, फोन माझा, माटोळी घराची, चेहरा तिचा. आईच्या गाण्यांवर तरी कोणाची? ती तिला तिच्या आजीने शिकवलेली, आजीला मांडावरच्या बायांनी. मला दाराबाहेर काढणाऱ्या कंपनीला मी जे जे म्हटलं होतं, विचारलं नाही, सांगितलं नाही, माझं असून मला काही बोलता आलं नाही, त्यातलं अक्षर न् अक्षर काकीला मला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. कायद्यातला तो विश्वस्त हा शब्द तेव्हा आठवला, आणि या खेपेला तो माझ्याच दिशेने आलेला होता.

फोटो मी पुसला. माझ्या यंत्रावरून गेला, फोंड्याच्या आणि पुण्याच्या यादीतूनही गेला. हायसं वाटलं. रात्री सहज म्हणून दादाला फोन करून त्याच्या संगणकावरचा टिंबाने सुरू होणारा, नजरेआड असलेला फोल्डर उघडायला लावला. तिथे तो होता. मीच घातलेल्या बोलीप्रमाणे, पुसलेल्या वस्तूची जुनी प्रत, कायमची राखलेली. पुण्यालाही असणार. मोठ्या कंपनीला पुसायला लावायला निदान कायदा तरी आहे, तक्रार करायला कोणी तरी आहे. चार घरांत वाटलेली गोष्ट परत गोळा करायची तर चार घरांच्या पाया पडावं लागतं.

दादाला तो फोल्डर रिकामा करायला अर्धा तास लागला, कारण त्याला आधी चष्मा सापडेना. मामेबहिणीने कारण विचारलं, मी सांगितलं, ती गप्प झाली आणि पाच मिनिटांत काम झाल्याचा निरोप आला. राहिलं मडगाव. चुलतभाऊ जुलैपासून बोटीवर आहे. निघताना त्याने नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला, घराला कुलूप घातलं, किल्ली बरोबर नेली. त्याचा संगणक बंद आहे, म्हणजे पुसल्याचा निरोपही तिथे पोचलेला नाही. त्या अंधाऱ्या खोलीत फोटो होता तिथे, होता तसा आहे. डिसेंबरात येणार म्हणतो, बोटीवाल्यांचं डिसेंबर कधी फेब्रुवारीही होतं. त्याला निरोप टाकून ठेवलाय, आल्याबरोबर दिवा लावायच्या आधी मला फोन कर.

काल संध्याकाळी काकी व्हरांड्यात भेटली. केस आता खांद्यापर्यंत आलेत.

'काडलो मरे?'

'तीन घरांनी काडला,' मी म्हटलं.

तिने चौथ्याचं विचारलं नाही. कात्रा मात्र डावीकडेच असतो, म्हणाली, तुम्ही लोक दर वर्षी चुकीचा बांधता.